तरुणपणी लघवीची धार बारीक होते तेव्हा

‘वय सव्वीस, लग्न व्हायचंय, लघवी साफ होत नाही, उष्णता वाढली असेल का?’ अशा आशयाची विचारणा तरुणांकडून बारा महिने होत असते, उन्हाळ्यात जरा जास्तच. बहुतेकांचं तोवर धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मेडिकलवाल्याने दिलेलं औषध आणि अँटिबायोटिकचा एखादा कोर्स, सगळं करून झालेलं असतं. घरात आजोबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असलं, तर ‘मलाही तेच झालं का?’ ही धास्ती वेगळी. विशी-तिशीत वयोमानाने प्रोस्टेट वाढून धार अडत नाही, त्यामुळे ती काळजी सोडा. हस्तमैथुनाने किंवा ‘धातू गेल्याने’ लघवी अडते, हेही खरं नाही. या समजापायी कितीतरी मुलं डॉक्टरकडे जायचंच टाळतात.

आधी एवढं ठरवा: लघवी करताना जळजळ होते, की लघवी बाहेर यायला त्रास होतो? कडक उन्हात पाणी कमी पडलं आणि दोन दिवस जळजळ झाली, तर पाणी वाढवल्यावर ती थांबते. थांबली नाही, ताप आला, इंद्रियातून पू किंवा चिकट स्राव आला, तर तपासणी हवीच. तरुण पुरुषाला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सहसा होत नाही; झालाच तर त्यामागे खडा, अडथळा किंवा लैंगिक संबंधातून आलेला आजार आहे का, हे पाहावं लागतं. परमा किंवा क्लॅमिडिया निघाला, तर जोडीदाराचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर आजार फिरून येतो.

लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, जोर करावा लागतो, धार बारीक येते किंवा दोन फाटे फुटतात, करून आलं तरी ओटीपोट जड वाटतं, असं असेल तर मूत्रमार्ग कुठेतरी अरुंद झाला असण्याची शक्यता पहिली धरावी. डॉक्टर याला स्ट्रिक्चर म्हणतात. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या आतल्या अस्तराला इजा झाली की भरून येताना तिथे व्रण धरतो आणि पोकळी आकसते. ही इजा बहुधा विसरलेली असते, कारण त्रास काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी सुरू होतो. म्हणून मी रुग्णाला खोदून विचारतो: लहानपणी सायकलच्या दांडीवर, भिंतीवर, झाडाच्या फांदीवर दोन पायांच्या मध्ये आपटला होतास का? असा मार बसला की मूत्रमार्ग जांघेतल्या हाडावर चेचला जातो. एखाद्या आजारपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातली होती का? मोटारसायकलच्या अपघातात कमरेचं हाड मोडलं होतं का? इंद्रियाच्या टोकाला पांढरट, कडक चट्टे येऊन कातडी मागे जाईनाशी झाली आहे का? ‘नाही, तसं काही नाही’ म्हणणाऱ्याला दोन मिनिटांनी शाळेतली सायकल आठवते.

याची तपासणी सोपी आहे, पण फार उशिरा केली जाते. युरोफ्लो म्हणजे यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात, खोलीत एकट्याने, नेहमीसारखी लघवी करायची. तरुणाची धार सेकंदाला साधारण १५ मिलीलिटरच्या वर असावी. १० च्या आत आली तर शंका घ्यावी. मात्र एकूण लघवी निदान १५० मिलीलिटर झालेली हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. निरोगी माणसाचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. स्ट्रिक्चर असलेल्याचा वर जाऊन लांबवर सपाट राहतो. जोडीला लघवी केल्यानंतरची सोनोग्राफी आणि गरज पडली तर मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे. मूत्रमार्ग फुगवून किंवा दुर्बिणीने काप देऊन आराम पडतो, पण पुष्कळांचं आकसणं परत येतं. दर सहा महिन्यांनी तेच करत बसण्यात अर्थ नाही. गालाच्या आतलं अस्तर लावून मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया अधिक टिकते. तिचं एक तंत्र पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने जगभर ओळखलं जातं.

काहींच्या मूत्राशयाचं तोंडच नीट उघडत नाही. ही मंडळी वर्षानुवर्षं ‘प्रोस्टेटला सूज’ म्हणून अँटिबायोटिक खात असतात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने धार सुधारते, पण चक्कर येऊ शकते आणि वीर्य बाहेर येणं कमी होऊ शकतं. हे आधी सांगितलेलं नसलं की तरुण घाबरून गोळी बंद करतात. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर मूल हवं असण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

घरी धार व्यवस्थित आणि ऑफिसच्या स्वच्छतागृहात शेजारी कुणी उभं राहिलं की थेंब नाही, असं होत असेल तर तुमची नळी अरुंद नाही. तिथले स्नायू ताणातून सैल होत नाहीत. त्यावर व्यायाम आणि समुपदेशन चालतं. बद्धकोष्ठाने आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडखळते. लघवी झाल्यावर पँटवर दोन थेंब पडणं हा तर आजारच नव्हे: अंडकोशामागे बोटाने हलकं दाबून पुढे सरकवा, उरलेलं बाहेर येतं.

लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. कंबर दुखते, पाय लुळे पडतात, बसायच्या जागेला बधिरपणा येतो आणि लघवी कळत नाही, हे सगळं एकदम झालं तर मणक्यातली नस दबलेली असू शकते; तिथे तास मोजले जातात. मार लागून इंद्रियाच्या टोकाला रक्त दिसलं, तर घाईने कुणाकडूनही नळी घालून घेऊ नका.

बाकीच्यांनी तीन दिवस किती वेळा आणि किती लघवी झाली ते मापाच्या भांड्याने मोजून लिहून ठेवावं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. साखर तपासून घ्यावी. वारंवार, भरपूर लघवी होण्याचं कारण कधीकधी तिथेच सापडतं. आणि डॉक्टरकडे निघताना लघवी करून जाऊ नका. धार तिथेच पाहायची असते.