वाचतां येत नाहीं तें कोरें नव्हे

घरच्या जुन्या पेटींत मोडी लिपींतला एखादा कागद सांपडला, तर तो तुम्हांपैकीं बहुतेकांस वाचतां येणार नाहीं. म्हणून 'हा कागद कोराच आहे' असें समजून त्यावर नवा मजकूर लिहावयास कोणी बसेल काय? मोडी जाणणारा मनुष्य आपण शोधूं. परंतु पेनड्राइव्हच्या बाबतींत शहाणीं माणसेंही हा विवेक विसरतात.

आमच्या माहितींतील देवळाली प्रवरा येथील एका घरीं असेंच घडलें. पुण्यास शिकणाऱ्या मुलीनें आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचीं अकरा ध्वनिमुद्रणें आपल्या लिनक्स संगणकावरून पेनड्राइव्हवर घेऊन घरीं पाठविलीं. वडिलांनीं तो घरच्या विंडोज संगणकास लाविला, तों पडद्यावर प्रश्न आला: 'वापरण्यापूर्वीं ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. करावयाची काय?' यंत्र विचारतें त्या अर्थीं तें करणें अवश्य असेल, असें समजून त्यांनीं होकार दिला. पेनड्राइव्ह रिकामा दिसूं लागला. मुलीच्या संगणकावरील मूळ प्रति पूर्वींच पुसल्या गेल्या होत्या, आणि आजी तर त्याआधींच निवर्तल्या होत्या.

असें कां व्हावें? पेनड्राइव्ह ही एक वही मानली, तर कोणती फाइल कोणत्या पानावर आहे हें सांगणारी अनुक्रमणिका तींत असावी लागते. ती ठेवण्याच्या पद्धतीस 'फाइल सिस्टिम' म्हणतात. विंडोजची एनटीएफएस १९९३ सालची, लिनक्सची ईएक्सटी-४ ही २००८ ची, तर ॲपलची एपीएफएस २०१७ ची. विंडोजला ईएक्सटी-४ आपण होऊन वाचतां येत नाहीं. मॅक एनटीएफएस वाचतो, परंतु आपण होऊन त्यावर लिहीत नाहीं. अनुक्रमणिका उमगली नाहीं, कीं संगणक 'नवी आंखूं काय?' एवढेंच विचारतो. आंत आजीचा आवाज आहे हें त्यास ठाऊक नसतें. तें आपणांस ठाऊक असतें.

मग सर्वांस समजेल अशी पद्धत कोणती? १९९६ सालची फॅट-३२ जवळजवळ सर्वत्र चालते. मात्र तींत एकेक फाइल ४ गिगाबाइटांहून लहान असावी लागते. म्हणून ड्राइव्हवर जागा भरपूर असूनही स्नेहसंमेलनाची लांबलचक चित्रफीत तींत जात नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं काढलेल्या एक्सफॅटमध्यें ही अडचण नाहीं. मॅक तिच्यावर वाचतो व लिहितोही. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें तिची रचना खुली केली, आणि त्याच वर्षीं लिनक्सनेंही तिचा स्वीकार केला. तेव्हां गांवोगांवीं, संगणकोसंगणकीं फिरणाऱ्या पेनड्राइव्हसाठीं एक्सफॅट उत्तम. मात्र लिहिणें चालू असतां तो उपटला, तर ही अनुक्रमणिका बिघडूं शकते. यास्तव 'इजेक्ट' करून मगच तो काढावा.

पालकांसही आमची विनंती आहे. सातबारा असो, छायाचित्रें असोत वा मुलांचा अभ्यास असो, एकुलती एक प्रत पेनड्राइव्हवर कधींही ठेवूं नये. आणि फॉरमॅटचा प्रश्न अवचित आला, तर उत्तर 'नाहीं' हेंच द्यावें; ड्राइव्ह काढून तो ज्या संगणकावर भरला होता तेथें लावून पाहावा.

चूक घडलीच, तर पुढें त्यावर एक अक्षरही लिहूं नये. घाईच्या फॉरमॅटनें बहुधा अनुक्रमणिकाच बदलते. पानें पुष्कळदां तशींच राहतात. त्या वडिलांनीं पेनड्राइव्ह बाजूस ठेविला व जाणकाराच्या हातीं दिला. अकरांपैकीं आठ ध्वनिमुद्रणें परत मिळालीं. तीन गेलीं, तीं गेलींच.