घाटात एकालाच गाडी का लागते?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन मित्रांची कुटुंबं कोल्हापूरहून मालवणला गेलो. दोन गाड्या आणि लहान-मोठी पाच मुलं. फोंडा घाट उतरताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. तिच्या शेजारी बसलेला मित्राचा मुलगा मात्र मजेत वेफर्स खात होता आणि त्याची दहा महिन्यांची बहीण गाढ झोपली होती. गाडी मी चालवत होतो, मला काहीच झालं नाही. परतताना मित्र चालवायला बसला, मी मागे बसलो आणि चक्क मलाही मळमळलं. गाडी तीच, घाट तोच, मग प्रत्येकाचं वेगळं का? आणि मुलीला पुन्हा अशा सहलीला न्यावं की नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : न्यावं, जरूर न्यावं. कसं न्यायचं ते पुढे सांगतो. पण आधी तुमचं कुतूहल. तुमच्या गाडीत मुलगी, तिचा मित्र, बाळ आणि तुम्ही असे चार वेगवेगळे नमुने एकत्र बसले होते. प्रत्येकाचं कारण पाहिलं की गाडी लागण्याचं सगळं शास्त्र उलगडतं.

उलटी पोटातून होते, म्हणून दोष पोटाला दिला जातो. खरा उगम आहे कानात. आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारी एक इवलीशी यंत्रणा असते. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळली की हा द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्यामुळे तिथल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि डोकं कुठल्या बाजूला वळलं ते मेंदूला कळतं. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, आपण वर गेलो किंवा खाली आलो, की त्याची खबर हे कण देतात. या यंत्रणेवरच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता तुमच्या मुलीच्या जागी बसून पाहा. घाटात तिचे कान मेंदूला सतत कळवत असतात : डावीकडे वळलो, ब्रेक लागला, उजवीकडे वळलो, पुन्हा ब्रेक. तिच्या डोळ्यांसमोर काय असतं? पुढच्या सीटची पाठ. मोठ्यांसाठी बनवलेल्या सीटवर सहा वर्षांचं मूल इतकं खाली बसतं की समोरचा रस्ता त्याला दिसतच नाही, खिडकीतूनही फार तर आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसतात. डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. कान सांगतात, आपण झोके घेतोय. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि मेंदूचा गोंधळ उडतो. शास्त्रज्ञांना आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे. याला एक भक्कम पुरावाही आहे : ज्यांची तोलाची यंत्रणा दोन्ही कानांत पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागत नाही आणि बोटही लागत नाही.

पण गोंधळ मेंदूचा आणि उलटी का? मिशेल ट्रीझमन या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक अनुमान मांडलं. निसर्गात डोळे आणि कान असे एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात ते बहुधा काही विषारी पोटात गेल्यावर. तेव्हा मेंदू सावधगिरी म्हणून पोट रिकामं करतो. हे अजून अनुमानच आहे, सगळ्यांना ते पटलेलं नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तुमच्या मुलीचं शरीर नाजूक नाही, बिघडलेलंही नाही. त्याची राखण जरा जास्त जागरूक आहे, एवढंच.

झोक्याच्या लयीचाही यात मोठा वाटा असतो. खड्ड्यांचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण मळमळ आणतो तो संथ झोका. सुमारे पाच सेकंदांत एक हेलकावा ही लय सगळ्यांत त्रासदायक असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. घाटातली वळणं आणि समुद्रातली होडी या लयीच्या जवळ जातात. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना हेलकावे लागले, तर मुलीला होडीच्या मधल्या भागात बसवून किल्ल्याच्या तटाकडे किंवा क्षितिजाकडे बघायला सांगा. रेल्वेची वळणं बरीच सौम्य असतात, म्हणून मुंबईहून कोकणात जाणाऱ्या कित्येक कुटुंबांना मुलांसाठी कोकण रेल्वेच बरी वाटते.

आता बाकीचे तिघे. तुम्ही चालवत होतात तेव्हा प्रत्येक वळण तुम्हाला आधी दिसत होतं. ब्रेक तुमच्याच पायाने लागणार होता, म्हणून मेंदू आधीपासून तयार होता. शिवाय चालकाची मान नकळत वळणाच्या आतल्या बाजूला झुकते, तर मागच्यांची बाहेर फेकली जाते. मागे बसल्यावर ही सगळी सोय गेली आणि त्यात मोबाइल पाहिला असेल, तर मळमळ होणारच.

दहा महिन्यांच्या बाळाचं वयच त्याचं रक्षण करतं. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी क्वचितच लागते. चालायला लागेपर्यंत मूल तोलासाठी डोळ्यांवर फारसं विसंबत नाही, म्हणून डोळे-कानांचं हे भांडण त्याच्यात पेटत नाही, असं मानलं जातं. दोन वर्षांनंतर त्रास सुरू होऊ शकतो, साधारण सात ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा ओसरतो.

शेजारच्या मुलाला काही झालं नाही, कारण ही प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक आहे. तुमच्या दोघांच्या घरात लहानपणी कोणाला गाडी लागायची, अर्धशिशी कोणाला आहे, याची चौकशी करा. अर्धशिशी असणाऱ्यांना गाडीही जास्त लागते. धाडस किंवा सोशिकपणा यांच्याशी याचा संबंध नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून जग फिरून आला आणि त्या सफरीत बोट लागून बेजार झाला. १९६१ मध्ये अंतराळात गेलेला सोव्हिएत वैमानिक गेर्मन तितोव्ह हा तिथे मळमळ अनुभवणारा पहिला माणूस. तुमची मुलगी चांगल्या पंगतीत आहे.

पुढच्या सहलीत काय करायचं?

सगळ्यांत मोठा उपाय आहे बसण्याची जागा, आणि ती घरून निघण्यापूर्वी तिन्ही कुटुंबांनी मिळून ठरवावी लागते. मित्रमंडळींच्या सहलीत हमखास काय होतं? मुलं एकत्र बसायचा हट्ट धरतात आणि मोठी माणसं कौतुकाने सगळ्यांना शेवटच्या रांगेत धाडतात. सात-आठ आसनी गाडीतली तीच जागा सर्वांत वाईट. मागच्या चाकांवर झोके जास्त, खिडकी लहान आणि समोर दोन रांगांच्या पाठी. जुन्या जीपगाड्यांतली आडवी बाकं तर त्याहून वाईट, कारण तिथे शरीर एका दिशेला आणि प्रवास दुसऱ्या दिशेला. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा. मूल लहान असेल तर वयाला योग्य अशी उंच बैठक घ्या. त्याने पट्टाही नीट बसतो आणि काचेतून रस्ताही दिसतो. रस्ता दिसावा म्हणून मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं मात्र कधीही नको. अपघातात एअरबॅग उघडली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे आणि नियम मोडल्यास एक हजार रुपये दंड आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. दोन-तीन गाड्या एकत्र निघाल्या की मागचा चालक पुढच्याला गाठायला धावतो. सरळ रस्त्यावर दामटवायचं आणि वळणावर कचकन ब्रेक मारायचा, याने मागची मुलं बेजार होतात. माझा आग्रह आहे की ज्या गाडीत गाडी लागणारं मूल असेल, ती गाडी पुढे ठेवा. बाकीचे तिच्या वेगाने येतील. कोणी मागे पडलं तर घाट संपल्यावर भेटायची जागा आधी ठरलेली असावी.

घाटात पुस्तक, मोबाइल, टॅब बंद. त्याऐवजी मुलांना एक खेळ द्या : समोर बघायचं आणि गाडी ज्या बाजूला वळेल त्याच बाजूला मान झुकवायची. चालकाची मान जे नकळत करते तेच हे, आणि याने त्रास कमी होतो असं प्रयोगांत आढळलं आहे. मोठी मुलंही हा खेळ आवडीने खेळतात, त्यामुळे एकटं कोणी पडत नाही. डोळे मिटून डोकं सीटला टेकवलं तरी बरं वाटतं. मूल झोपलं तर उत्तमच. पहाटे निघून, अर्धवट झोपेतल्या मुलांना घेऊन उजाडता उजाडता घाट उतरावा. रात्रीचा घाट टाळावा.

खाण्यात दोन टोकं सांभाळायची. रिकाम्या पोटी निघू नका आणि तुडुंब पोटीही नको. पहाटे निघताना ‘एवढं दूध पी’ म्हणून पेलाभर दूध पाजतात, तेच पहिल्या वळणांवर बाहेर येतं. घाटाआधीच्या थांब्यावर मिसळ, वडापाव नको. पोळीचा तुकडा, केळं, खाकरा, कुरमुरे असं कोरडं, हलकं द्यावं आणि पाणी घोट घोट पाजावं. खिडकी थोडी उघडी असावी. गाडीतला अत्तराचा डबा काढून डिकीत टाका. मळमळीत उग्र वास सहन होत नाही. आल्याची वडी चघळून काहींना बरं वाटतं. तिच्याबद्दलचे प्रयोग एकमताचे नाहीत, पण मोठ्या मुलांना द्यायला हरकत नाही.

गोळीबाबत मात्र सावध राहा. गाडी लागू नये म्हणून दिली जाणारी प्रोमेथाझिनसारखी औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनाही मात्रा वजन आणि वय पाहून डॉक्टरांनीच ठरवायची. गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं काम मंदावतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. जुलाब-उलटीच्या वेळी दिलं जाणारं ओन्डान्सेट्रॉन घरात असतं म्हणून तेच दिलं जातं, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मित्रांच्या सहलीतली एक सवय तर मोडायलाच हवी : एकीच्या पर्समधली गोळी सगळ्या मुलांना अर्धी अर्धी वाटणं. दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये, आणि विचारलं तरी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको.

एवढं करूनही त्रास होऊ शकतो. त्याची चाहूल आधी लागते. बडबडणारं मूल एकदम गप्प होतं, जांभया देतं, चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. तेवढ्यात वळण टाळून सुरक्षित मोकळी जागा पाहून थांबा आणि त्याला पाच-दहा मिनिटं चालवा. पिशव्या, ओला नॅपकिन, पाणी आणि एक जोड कपडे हाताशी ठेवा, डिकीत नको. उलटीनंतर लगेच खायला देऊ नका, थोडं थोडं पाणी किंवा क्षारसंजीवनी द्या. गाडी थांबून काही तास झाले तरी उलट्या थांबत नसतील, कान दुखत असेल, डोकं फार ठणकत असेल किंवा प्रवास नसतानाही चक्कर येत असेल, तर ते गाडी लागणं नव्हे. डॉक्टरांना दाखवा.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उलटी झाल्यावर मुलाला सर्वाधिक लागतं ते मित्रांसमोर झालेलं हसं. ‘ही आली की गाडी थांबणारच’ असं एखादा काका गमतीने म्हणतो आणि पुढच्या सहलीच्या आदल्या रात्रीपासून त्या मुलाचा जीव धास्तावतो. ही धास्ती मळमळ आणखी वाढवते. म्हणून निघण्याआधी पाचही मुलांना एकत्र बसवून कान, डोळे आणि मेंदूची ही गोष्ट सांगा. सहा वर्षांच्या मुलांना ती छान समजते. मग खिडकी उघडायचं काम एकाचं, पाण्याची बाटली दुसऱ्याकडे, ‘मान झुकवा’ म्हणायचा मान तुमच्या मुलीचा. मोठ्यांनीही आपसांत ठरवावं की घाटात कितीही वेळा थांबावं लागलं तरी कोणी घड्याळ बघणार नाही. मालवणला तासभर उशिरा पोचल्याने कोणाचं काही बिघडत नाही. मुलीला मात्र कळतं की आपल्यासाठी ही सगळी माणसं आनंदाने थांबतात, आणि मग पुढच्या सुट्टीत मालवणला जायचा हट्ट तीच धरेल.