शके की इसवी?

एक संशोधक मुलगी आमच्या ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "सर, हे पत्र १७९५चं कसं असेल? यात आगगाडी आहे."

विद्यापीठाच्या डिजिटल भांडारातले मोडी पत्र होते. नोंदीत साल १७९५, म्हणजे खर्ड्याच्या लढाईचे वर्ष. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १८५३ मध्ये. तिने मोडी बरोबर वाचली होती, चूक आमची होती. पत्रावरचा आकडा शकाचा होता आणि आम्ही तो इसवीच्या रकान्यात जसाच्या तसा भरला होता. पत्र खरे १८७३चे.

एवढ्यावर थांबले असते तर बरे. तपासत गेलो तसे रुमालामागून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, चुकीच्या सालांचे निघाले. नोंदी करणाऱ्या मुलांना मी बोल लावू शकत नाही. रोज इतकी पाने स्कॅन झालीच पाहिजेत, हे उद्दिष्ट मीच त्यांना दिले होते. वार्षिक अहवालात पानांचा आकडा छान दिसत होता. ती पाने सापडतात का, हे मी कधी पाहिलेच नाही.

म्हणून नव्याने भांडार उभारणाऱ्यांना माझे पहिले सांगणे: तारखेचे दोन रकाने ठेवा. एकात कागदावर आहे तशी तारीख, दुसऱ्यात इसवी. शकात ७८ मिळवायचे, पण बहुधा पौषात इसवी साल पालटते आणि तिथून फाल्गुनापर्यंत ७९ लागतात. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. तिथे ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते साल मृगाला सुरू होते. हे जाणणारा माणूस स्कॅनरच्या आधी शोधा. अशी माणसे थोडी उरली आहेत.

प्रबंधांचे दुखणे निराळे. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारामुळे ते देण्याची शिस्त लागली, पण युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या मराठी प्रबंधांची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि शोधयंत्राला अगम्य राहते. निदान शीर्षक, गोषवारा आणि विषयशब्द युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्या. लेखकाचे नाव एकाच रूपात नोंदवा, नाहीतर 'वि. का. राजवाडे' आणि 'विश्वनाथ काशिनाथ राजवाडे' या दोन व्यक्ती होतात.

आणखी एक. डीस्पेस ही भांडाराची संगणकप्रणाली बसवल्यावर कायमच्या पत्त्याचा, म्हणजे हँडलचा, उपसर्ग १२३४५६७८९ असा येतो. तो नमुन्यापुरता असतो. आम्ही तोच ठेवला, पुढे सर्व्हर बदलला आणि लोकांनी तळटिपांत दिलेले आमचे दुवे मेले. हँडलची नोंदणी पहिल्याच दिवशी करा.

हक्कांचे कागदही आधी. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा 'जुने आहे, टाका' असे म्हणू नका.

सालांची दुरुस्ती आम्ही केली, त्या मुलीने पुष्कळ मदत केली. दोन रुमाल मात्र सुधारता आले नाहीत. स्कॅनरवर सपाट बसावीत म्हणून आम्ही त्यांची पाने सुटी केली आणि मूळचा क्रम लिहून ठेवला नाही. कोणते उत्तर कोणत्या पत्राला होते, हे आता त्या कागदांवरून कळत नाही.