आजीबद्दल लिहिताना

चि. बाळास मावशीचे अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेली दोन पानं मिळाली. तू हे काम अंगावर घेतलंस याचं मला फार समाधान आहे. पण त्या पानांत मला माझी आई सापडली नाही. प्रेमाचा सागर, त्यागाची मूर्ती, कधी कुणाला उलट बोलली नाही... ही पानं शेजारच्या घरी नेऊन वाचलीस तर त्यांनाही ती त्यांच्याच आजीची वाटतील.

उलट बोलली नाही? अगं, दहावीनंतर मला शिकवायचं नाही असं घरात ठरलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आजोबांपुढे उभी राहून बोलली. डोक्यावरचा पदर ढळला नव्हता, पण आवाज पार गोठ्यापर्यंत गेला. हे लिही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तू वाचली आहेस. 1895 साली नवऱ्याने ख्रिस्ती धर्म घेतल्यावर झालेली ताटातूट, राग, सोवळ्याचा हट्ट आणि मग स्वतःच्याच पावलांनी गाठलेली श्रद्धा, हे सगळं त्यांनी उघडं लिहिलं. भांडणं गाळली असती तर त्यांच्या श्रद्धेचं मोल आपल्याला कळलं असतं का?

आजी देवपूजेत रमायची, असंही तू लिहिलंस. तिला तेवढा वेळ कुठला? देवाला दोन फुलं वाहायची आणि चुलीकडे वळायची. तिची खरी पूजा पहाटे जात्यावर व्हायची. पहिली ओवी विठ्ठलाची, मग माहेराची, भावाची आणि शेवटी आम्हा मुलांची. दळण संपत आलं की आमची नावं ओवीत यायची, आणि आपलं नाव ऐकायला मी अंथरुणात जागी राहायची. गावात विजेची गिरणी आली तेव्हा सगळ्या बायका सुटल्या, आईसुद्धा. तिचे खांदे दुखायचे थांबले. पण ओव्याही थांबल्या. नुसतं बसून त्या तिला आठवायच्या नाहीत. हात फिरला तरच शब्द यायचे.

माउलींची पालखी नीरेचं स्नान करून लोणंदला यायची, तेव्हा आपल्या ओट्यावर दिंडीतल्या बायका उतरायच्या. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण व्हायचं, आम्ही पोरं धावत जायचो. आई कधी आली नाही, ती भाकरी थापत असायची. एकदा मी विचारलं, तुला घोडा बघावासा वाटत नाही? म्हणाली, “माउली दारात येऊन जेवून गेली, आता आणखी काय बघायचं?” साठीनंतर एकदाच ती पायी पंढरपूरला गेली आणि परत आल्यावर महिनाभर वाटेतल्या माणसांबद्दलच बोलत होती.

आणि गोधड्या. त्यांच्यावर तू एकच ओळ खर्च केलीस! पावसाळ्याआधी ओसरीवर चिंध्या मांडल्या की दोन दिवस तिथून जायला बंदी असायची. लालाशेजारी लाल येऊ द्यायची नाही, एक तुकडा दहा वेळा हलवायची, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायची. चित्रकार याहून वेगळं काय करतो? मग काठापासून आत धावदोऱ्याच्या ओळी. तू पांघरतेस त्या गोधडीत तुझ्या आईचा परकर आहे, माझा शाळेचा निळा स्कर्ट आहे आणि आतल्या थरात तुझ्या आजोबांचं धोतर आहे. ते गेल्यानंतरची ती पहिली गोधडी. ती शिवताना आई रडली नाही, पण टाके नेहमीपेक्षा फार बारीक पडले आहेत. उलटी करून बघ.

माझ्या हातून एक चूक झाली, ती तू करू नकोस. मी आईच्या ओव्या लिहून घेतल्या नाहीत. पुढच्या सुट्टीत, पुढच्या दिवाळीत, असं म्हणत राहिले. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शेतात, घरात गात असताना त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने गाणी वहीत टिपून ठेवली, म्हणून 1951 साली बहिणाबाई गेल्यावर ती वही अत्र्यांपर्यंत पोचली आणि 1952 साली पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. कुणीतरी त्या बायकांसमोर बसलं आणि ऐकलं, एवढीच त्यामागची करामत. आपल्या घरात तसं बसायचं काम माझं होतं.

अजून थोडं हाती लागेल. आईच्या जोडीने जात्याला हात लावणाऱ्या शेजारच्या काकी आहेत. ऐंशी उलटली आहे, ऐकू कमी येतं, पण गळा शाबूत आहे. पुस्तिका महिनाभर लांबली तरी चालेल, मी सगळ्यांना सांगते. तू या रविवारी ये. फोन पूर्ण चार्ज करून आण. माळ्यावरचं जातं मी खाली उतरवून धुऊन ठेवते, खुंटा नवा बसवावा लागेल. मूठभर ज्वारी घालू आणि काकींचा हात त्यावर ठेवू.

येताना गोधडीही आण. एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे, असं तुझी आई म्हणत होती. मशीनवर नको, हातानेच घालू टाके.

तुझी,
मावशी