औषधसेवनकाल आणि गृहिणीचा दिवस

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी सांगितलेले औषधसेवनाचे १० काल आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. पुढे चिकित्सालयात बसल्यावर मात्र ते 'सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर' एवढ्या एका ओळीत आटून जातात. शास्त्रशुद्ध लिहावे म्हटले, तर रुग्णाच्या घरात तेवढी सवड आहे की नाही, हे आपण क्वचितच विचारतो. आमच्या हातून झालेली अशी एक चूक येथे प्रांजळपणे मांडावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी नंदुरबार तालुक्यातील एक मध्यमवयीन गृहिणी अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आली. एकत्र कुटुंब, घरात ११ माणसे; मिरचीच्या हंगामात दिवसभर पथारीवर काम. आम्ही मोठ्या उत्साहाने ५ औषधे ५ निरनिराळ्या कालांना लिहून दिली. पहाटे क्वाथ, भोजनापूर्वी चूर्ण, भोजनमध्ये वटी, भोजनोत्तर दुसरे चूर्ण आणि निशाकाली त्रिफळा. १५ दिवसांनी ती परत आली तेव्हा निम्म्या पुड्या तशाच होत्या. आम्ही काहीशा नाराजीने कारण विचारले. ती शांतपणे म्हणाली, "वैद्यसाहेब, तुमचं औषध घ्यायला घरात आणखी एक बाई लागेल."

तेव्हा प्रथमच आम्ही तिचा संपूर्ण दिवस विचारून घेतला. पहाटे साडेचारला उठणे, पाणी, ११ जणांच्या भाकरी, मुलांचे डबे आणि आठच्या आत घराबाहेर. पहिला घास पोटात जाई तो दुपारी पथारीवर. म्हणजे आदल्या रात्री दहापासून दुपारी बारापर्यंत दोन कप चहाखेरीज काही नाही! आम्ही ज्याला 'भोजनापूर्वी, सकाळी ८' म्हणत होतो, तेथे भोजनच नव्हते. शिवाय सकाळच्या घाईत मलवेग आणि कामाच्या ठिकाणी आडोसा नसल्याने मूत्रवेग रोखून धरण्याची सवय जडलेली. अनशन आणि वेगधारण हे दोन्ही हेतू तिच्या वेळापत्रकातच बसलेले होते. निदानपरिवर्जन न करता आम्ही वर औषधांची भर घालीत होतो.

दुसऱ्या भेटीत सासूबाईंनाही समोर बसविले. चिठ्ठीवर पहिली ओळ लिहिली ती अशी : तव्यावरची पहिली भाकरी तूप लावून रुग्णेने खावी, मगच बाकीच्यांचे डबे भरावेत. सून सर्वांच्या शेवटी जेवते ही आपल्याकडील रीत. तोंडी सांगितले असते तर ते घरात कोणी मानले नसते. पण औषधाच्या चिठ्ठीवर वैद्याच्या अक्षरात आल्याने त्याला मान्यता मिळाली. औषधे ५ वरून २ वर आणली आणि त्यांचे काल घड्याळाऐवजी कामाला बांधले. त्रिफळा अंथरूण घालताना, आणि क्वाथाच्या जागी धन्याचा हिम.

या बदलाविषयी थोडे विस्ताराने. शार्ङ्गधरोक्त क्वाथात द्रव्याच्या १६ पट पाणी घालून अष्टमांश उरवायचे असते. चुलीवर मंद आचेने याला तासाच्या आसपास वेळ जातो, आणि सकाळी ती चूल भाकरीसाठी हवी असते. हिमकल्पनेत द्रव्य ६ पट थंड पाण्यात रात्रभर भिजते; भांडी आवरताना भिजत घालावे, सकाळी गाळून साखर घालून घ्यावे. फांटाला ४ पट उकळते पाणी पुरते, ते चहाच्या आधणातूनही मिळते. अर्थात प्रत्येक क्वाथाचा हिम करता येत नाही. कठीण त्वचा व मुळे यांना उकळणे आवश्यकच; तेथे वटी किंवा आसवारिष्टाचा विचार करावा. हिम-फांट आपण पुस्तकात ठेवून दिले आहेत, याची आम्हांस खंत वाटते.

या रुग्णेचे आम्लोद्गार व हृद्दाह दोन महिन्यांत बरेच उणावले. श्रेय धन्याचे किती आणि भाकरीचे किती, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही.

ब्राह्ममुहूर्ताविषयीही एक खुलासा. सरसकट 'पहाटे ४ वाजता उठा' असे सांगणे आपल्या जिल्ह्यात तरी चुकीचे ठरते. नंदुरबार भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेस असल्याने येथील स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे चालते. जूनच्या आरंभी सूर्योदय सहाच्या थोडा आधी, तर जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या सुमारास होतो. मुहूर्त ४८ मिनिटांचा. त्यामुळे ब्राह्ममुहूर्त जूनमध्ये सव्वाचारला, तर जानेवारीत साडेपाचनंतर लागतो. शिवाय हा उपदेश स्वस्थासाठी आहे, आणि अष्टांगसंग्रहात उठताना आहार पचला की नाही हे पाहण्यास सांगितले आहे. रात्री अकराला जेवून साडेचारला उठणाऱ्या बाईला आणखी लवकर उठविणे म्हणजे आयुर्वेद नव्हे. रोजच्या अभ्यंगाबाबतही तसेच. सर्वांगाला वेळ नसेल तर शिर, कर्ण व पाद यांवर विशेष भर वाग्भटांनीच दिला आहे. निजताना पादाभ्यंगास १० मिनिटे पुरतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट. वाहन मध्यरात्री आले तर तेव्हाच भरणी. जेवणाची वेळ निश्चित नाही. अशांना घड्याळ सांगणे व्यर्थ. 'केव्हाही जेवाल, त्याच्या आधी' एवढेच सांगून बरोबर नेता येतील अशा वट्या द्याव्यात, आणि होळीला गावी परतल्यावर पुन्हा तपासावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती आहे. आपण पुडीवर १-०-१ लिहिता. त्यातून मात्रा कळते, अन्नाशी संबंध कळत नाही. आम्ही सध्या तीन शिक्के वापरतो : रिकामी थाळी, अर्धी थाळी आणि अंथरूण. वाचता न येणाऱ्या रुग्णांनाही ते समजतात. पहिल्या भाकरीसाठी मात्र अजून शिक्का केलेला नाही. ती ओळ आम्ही हातानेच लिहितो.