जुने वॉशिंग मशीन : दुरुस्ती आणि देखभाल



मागील अंकात आम्ही घरगुती विजेच्या बिलावर लिहिले होते. या वेळी विषय आहे आमच्या घरातील वॉशिंग मशीन. सन १९९८ मध्ये आईच्या मनगटात दुखू लागले, म्हणून आम्ही ते हप्त्याने घेतले. दोन टबांचे, म्हणजे एकीकडे धुण्याचे आणि दुसरीकडे पिळण्याचे. त्याला पाव शतक उलटून गेले. आई आता नाही, पण मशीन चालू आहे. आपल्या कुक्षीतील मराठी घरांत जुनी वस्तू सहसा टाकत नाहीत. कित्येकांकडे आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब अजून झळाळतो. पण बंबात वीज नसते, मशीनमध्ये असते. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला, म्हणून हा लेख.

प्रथम पाण्याविषयी. आपल्याकडे बोरचे पाणी जड आहे. मराठी पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे ते ‘कठोर जल’ होते. नावे दोन असली तरी पदार्थ एकच. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण लावला की फेस न होता चिकट पांढरा साका बनतो. कपडे धुण्याच्या पावडरीने साका होत नाही, पण क्षार हळूहळू टबाला आणि खालच्या फिरत्या चकतीला धरतात. आपण तव्याच्या कडेचे कीट खरवडतो, तसे हे खरवडू नये. प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी क्षार तिथेच अधिक धरतात. टब कोमट पाण्याने भरावा, शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड (आपल्या किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळते) टाकावे, दहा मिनिटे मशीन चालवून तासभर तसेच ठेवावे आणि नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने काढावे. बारीक बुडबुडे निघतात तो कार्बन डायऑक्साइड. आठवीच्या मुलांनी समीकरण वहीत लिहून आणावे. एक सूचना मात्र कडक आहे. त्याच वेळी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण टबात असता कामा नये. आम्लाशी मिळून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीला घातक असतो.

चकतीच्या मधला स्क्रू काढला की चकती निघते. अडकली असेल तर दोन बाजूंनी सुतळी खाली सरकवून सरळ वर ओढावी, पेचकस घालून उचकटू नये. आमच्या चकतीखाली ब्लाउजचे हूक, एक सेफ्टी पिन, चाराण्याची दोन नाणी आणि आमच्या मुलाचे तिसरीतले शाळेचे बटण निघाले. मुलगा आता नोकरीला आहे.

आता मोटर. ‘मशीन घूं घूं करते पण फिरत नाही’ ही तक्रार पालक आम्हाला नेहमी सांगतात. बहुधा मोटर जळलेली नसते, कंडेन्सर गेलेला असतो. याचे कारण विज्ञानाच्या तासाला समजून घेण्यासारखे आहे. घरात येणारी वीज एका फेजची असते. तिच्यामुळे मोटरमधील चुंबकत्व नुसते पुढे-मागे डोलते, फिरत नाही. मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. दुसऱ्या वेटोळ्याला कंडेन्सरमधून वीज दिली की तेथील प्रवाहाची वेळ पहिल्यापेक्षा निराळी होते. दोन डोलणी एकत्र आली की फिरणे तयार होते. झोपाळ्याला एकाच बाजूने धक्का दिला तर तो येतो-जातो, आडवा धक्काही योग्य वेळी दिला तर तो गोल फिरू लागतो, तसेच हे. टायमर कंडेन्सर कधी या वेटोळ्याला तर कधी त्या वेटोळ्याला जोडतो, म्हणून चकती उलट-सुलट फिरते. कंडेन्सर शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतो. पण घूं घूं ऐकत पाच मिनिटे उभे राहिलो तर मोटर खरोखरच जळते. तेव्हा ताबडतोब बंद करावे. नवा कंडेन्सर त्याच मापाचा घ्यावा. माप अंगावर छापलेले असते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्यामुळे मुलांनी त्याला हात लावू नये. ते काम मिस्त्रीचे आहे.

पट्टा तपासणे सोपे. मध्यभागी बोटाने दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबावा. अधिक दबला तर मोटरचे बोल्ट ढिले करून मोटर किंचित सरकवावी. पट्ट्याला भेगा असतील तर त्यावरील आकडा कागदावर उतरवून तसाच पट्टा आणावा. आम्ही सुटे भाग इंदूरच्या महाराणी रोडवरून आणतो. कंपनी राहिली नाही तर भाग कसे मिळणार, असे एका पालकांनी विचारले. त्यांचे मशीन व्हिडिओकॉनचे, म्हणजे औरंगाबादजवळच्या चितेगावला कारखाना असलेल्या आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या कंपनीचे. तथापि दोन टबांच्या मशीनचे पट्टे, कंडेन्सर, टायमर, ब्रेकची तार हे भाग बरेचसे सारखेच असतात. जुना भाग दुकानदाराच्या हातात द्यावा, तो जुळवून देतो.

आता मुख्य गोष्ट. ती लिहिताना संकोच वाटतो, पण मुख्याध्यापकाने स्वतःची चूक लपवून मुलांना धडा देऊ नये.

आमच्याकडे कपडे धुवायला येणाऱ्या मावशींनी एकदा सांगितले की मशीन चावते. आम्ही हसून म्हटले, मावशी, हात ओला असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितले. आम्ही म्हटले, रविवारी बघू. शनिवारी आमच्या सौभाग्यवतींना झटका बसला आणि हातातली बादली पडली. तेव्हा आम्ही टेस्टर लावला. मशीनच्या पत्र्यावर दिवा लागला. मावशी दोन दिवस खरे सांगत होत्या.

उघडून पाहिले तर पिळण्याच्या टबाखाली जो रबरी बेलो असतो, तो फाटलेला होता. टबाचा दांडा त्यातून खाली मोटरपर्यंत जातो आणि पाणी मोटरवर पडू नये म्हणून तो बसवलेला असतो. फाटलेल्या रबरातून थेंब थेंब पाणी मोटरवर पडत होते आणि वीज पत्र्यात उतरत होती. रबर वीस वर्षांत कडक होणारच, ती कुणाची चूक नव्हे. चूक पुढे आहे. काही वर्षांपूर्वी न्हाणीघरातल्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा प्लग बसेना, म्हणून तो कापून आम्ही स्वतः दोन पिनांचा लावला होता. अर्थिंगची हिरवी तार आम्ही टेप गुंडाळून आत सारली होती. ती तार जोडलेली असती तर उतरलेली वीज मावशींच्या अंगातून न जाता जमिनीत गेली असती.

प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, असे दहावीत विचारले की अर्धा वर्ग गप्प बसतो. लांब असल्याने ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी लागते आणि सर्वांत शेवटी सुटते. यंत्र विजेला जोडलेले आहे तोवर अर्थिंगही जोडलेले राहते.

आम्ही बेलो बदलला, मोटर मिस्त्रीकडून सुकवून तपासून घेतली, तीन पिनांचे सॉकेट बसवले आणि मुख्य बोर्डावर तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी लावला. विजेची गळती त्याच्या आसपास पोहोचली की तो क्षणात वीज तोडतो. साधा फ्यूज इतक्या कमी गळतीने उडत नाही. निमाडच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये त्यात अधूनमधून पाणी घालावे. विश्वस्त मंडळींना येथेच विनंती की शाळेच्या वॉटर कूलरचे आणि प्रयोगशाळेचे अर्थिंग या सुट्टीत तपासून घ्यावे. खर्चाचा अंदाज आम्ही बैठकीत ठेवू.

बाकी किरकोळ. मशीन ओल्या फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवावे, नाहीतर तळाचा पत्रा गंजतो. खालच्या उघड्या बाजूला जाळी लावावी, कारण उंदीर आत शिरून तारा कुरतडतात. काम झाल्यावर झाकणे उघडी ठेवावीत. पिळण्याचे झाकण उघडताच टब थांबला पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तो टब वापरू नये. फिरत्या टबात हात घालणाऱ्याची बोटे जातात. टब तडकला किंवा मोटर धरणारा सांगाडाच गंजला तर मात्र मोह सोडावा. मशीन भंगारवाल्याला देऊन तांब्यासाठी तारा जाळू देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही आहे, ते नोंदणीकृत ठिकाणीच द्यावयाचे असते.

नवे सॉकेट बसल्यावर आम्ही मावशींची माफी मागितली आणि त्यांच्यासमोर पुन्हा टेस्टर लावून दाखवला. दिवा लागला नाही. त्यांनी मान हलवली. पण त्या अजूनही रबरी चपला घालून, लाकडी पाटावर उभ्या राहूनच मशीन लावतात, आणि आम्ही त्यांना पाट काढा असे म्हणत नाही.