घड्याळ वेळ आणतं कुठून?

पुण्यातल्या आमच्या अभ्यासिकेत खोल्या तीन आणि वेळाही तीन. सराव परीक्षेच्या दिवशी एका खोलीतली मुलं पेपर देऊन चहाला गेली तरी पलीकडच्या खोलीत लिहिणं चालूच असायचं. साधं क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होतंच, त्यात सेल बदलणारा काटे अंदाजाने फिरवतो. तेव्हा आपोआप वेळ जुळवणारी डिजिटल घड्याळं बसवायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिलं घड्याळ भेट आलं, थेट अमेरिकेहून. ‘अणुघड्याळाशी जुळणारं’ असं खोक्यावर ठळक छापलेलं. भिंतीवर लावलं, पण कोपऱ्यातलं मनोऱ्याचं चिन्ह नुसतं लुकलुकत राहिलं. ही घड्याळं कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथून 60 किलोहर्ट्‌झवर येणारा रेडिओ संदेश पकडतात. जर्मन घड्याळं माइनफ्लिंगेनच्या 77.5 किलोहर्ट्‌झला कान लावून असतात. आपल्याकडे असं लाँगवेव्ह केंद्रच नाही. पुण्याच्या भिंतीवर हे घड्याळ रोज रात्री संदेश शोधणार आणि सेल खाणार. परदेशातून कुणी प्रेमाने विचारलं, तर चॉकलेटं मागवा.

मग वायफायवरची घड्याळं आणली. ही इंटरनेटवरून जागतिक प्रमाणवेळ घेतात आणि त्यात आपला फरक मिळवून दाखवतात. आपला फरक साडेपाच तासांचा, आणि दुकानदाराने दिलेल्या घड्याळात फक्त पूर्ण तासांची सोय! पाच टाकले की अर्धा तास मागे, सहा टाकले की अर्धा तास पुढे. दुकानदाराचं उत्तर ऐका : “काका, मिनिटं हाताने लावा की!” मग आपोआप काय होणार होतं? ती घड्याळं परत केली आणि अर्ध्या तासाची सोय असलेली आणली. खरेदीआधी टाइमझोनच्या यादीत 5:30 किंवा ‘कोलकाता’ दिसतं का, ते डोळ्यांनी पाहा. उन्हाळी वेळेचा पर्याय असेल तर बंद ठेवा.

जोडणीतही खाचाखोचा आहेत. बहुतेक घड्याळांना 2.4 गिगाहर्ट्‌झचंच वायफाय चालतं. राउटर 5 वर असेल तर ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं. मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं वायफाय तर विसराच, घड्याळ ओटीपी कुठून टाकणार? वायरमनला बोलावण्याआधी नेमक्या त्या जागी, त्या उंचीवर फोन धरून रेंज बघा. मधे बीम किंवा लोखंडी कपाट आलं की रेंज पडते. प्लगचा पॉइंट घड्याळाच्या मागेच काढून घ्या, नाहीतर वायर भिंतभर लोंबते. घड्याळ ज्याच्याकडून वेळ घेतं तो सर्व्हर बदलता येत असेल, तर भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाका.

मात्र खरी फसगत पुढेच होते. आमच्याकडे कुणीतरी वायफायचा पासवर्ड बदलला. घड्याळं बंद पडली नाहीत, की कुरकुरलीही नाहीत. आपल्या मनाने चालत राहिली. लाल आकडे तेवढेच झळझळीत, सेकंद मात्र हळूहळू घसरत गेलेले. जुन्या घड्याळावर लोक निदान संशय घेत, डिजिटलवर कुणी घेत नाही. म्हणून वेळ जुळल्याची खूण पडद्यावर कुठे दिसते ते माहीत करून घ्या आणि महिन्यातून एकदा पाहा. आम्ही पासवर्डच्या कागदावरच ‘घड्याळं’ असं लिहून ठेवलंय.

इंटरनेटचा भरवसा नसेल, तर गच्चीवर जीपीएसचा अँटेना आणि खाली एका मुख्य घड्याळावरून बाकीच्यांना बिनतारी वेळ, अशी पद्धतही असते. तीन खोल्यांसाठी तो खर्च मला पटला नाही. मोठी शाळा किंवा रुग्णालय असेल तर जरूर विचार करा. फक्त अँटेनाला उघडं आभाळ लागतं, जिन्याखाली तो काही कामाचा नाही.

पूर्ण पैसे देण्याआधी एक चाचणी करा. घड्याळ जुळलं की राउटर बंद करा, घड्याळाचा प्लग काढा आणि थोड्या वेळाने फक्त घड्याळ चालू करा. आत बटणासारखा सेल असेल तर वेळ बरोबर दिसेल. 12:00 लुकलुकायला लागलं तर ते घेऊ नका. लाइट गेली की रोज हेच होणार.